पोटउघड्या माणसाचा ठसा

"लिहून घ्यायचं तर घे, पण आधीच सांगून ठेवतो, हे कुणी खरं मानणार नाही," मी त्या मुलीला म्हणालो. "साऱ्या सावंतवाडीत आजवर एकानंही मानलेलं नाही. आणि वाडीतली माणसं मी सांगितलेलं बरंच काही मानून बसलीत हं. मोती तलावातल्या कासवाच्या पाठीवर बसून मी पलीकडच्या काठाला गेलो होतो, हे अजून दोघं-तिघं शपथेवर सांगतात."

"कासवाच्या पाठीवर?" ती हसली.

"मोठं होतं."

मृण्मयी तिचं नाव. कोल्हापुरात चित्रकलेच्या शाळेत शिकवते. जुन्या छापखान्यांतले लाकडी ठसे गोळा करून प्रदर्शन मांडायचं म्हणून गावोगाव हिंडत होती, आणि कुणीतरी तिला सगुण चिताऱ्याचं, म्हणजे माझं, घर दाखवलं. माझ्या पेटीतले ठसे तिनं पडवीत ओळीनं मांडले. लग्नपत्रिकांचे गणपती, साबणाच्या वडीवरचं कमळ, सर्कशीच्या जाहिरातीतला हत्ती. सगळ्यांत खाली होता तो तिच्या हाताला लागला. वीतभर रुंद, हातभर उंच, शाई पिऊन पिऊन काळा झालेला. तिनं तो उजेडाकडे तिरका धरला आणि तिचा चेहराच बदलला.

"आजोबा, हा माणूस इथला नाही. हा युरोपातला आहे, चारशे वर्षांपूर्वीच्या वैद्यकाच्या पुस्तकातला. हा तुमच्याकडे कसा आला?"

"तो नाही आला. मीच त्याच्याकडे गेलो," मी म्हणालो. "बस नीट. चहा येतोय. आत भांडी वाजतायत ना, ती आमची मंजुळा. ही गोष्ट तिच्याच पोटाची आहे."

अठ्ठावन्न साल. मी पंचविशीतला. आमच्या घराण्यात लाकडी खेळणी आणि गंजिफा रंगवायच्या, पण मी हातात कोरणी घेतली आणि ज्योतिर्माला छापखान्यात ठसे कोरायला लागलो. जस्ताचे ब्लॉक तेव्हा बेळगावाहून करून आणावे लागत, त्यात पंधरा दिवस मोडत. मी हेदूच्या लाकडावर दोन दिवसांत गणपती काढून देई. हेदू म्हणजे काय लाकूड! पिवळं, घट्ट, रेघ काढली की रेघ तिथंच राहणार, फुटणार नाही, फुगणार नाही.

छापखान्याचे मालक बाळंभट ओळकर. त्यांचं स्वतःचं पंचांग होतं, कणकवलीपासून दोडामार्गापर्यंत खपायचं. ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत त्यांची नजर घारीची, आणि चित्राच्या बाबतीत वटवाघळाची. गणपतीला मी पाच हात दिले असते तरी खालचं 'श्रीगणेशाय नमः' शुद्ध आहे एवढं बघून त्यांनी मान डोलावली असती.

एके दिवशी सकाळी छापखान्यात डॉक्टर मिनेझिस आले. मूळचे म्हापशाचे, वाडीत दवाखाना घालून दहा वर्षं झालेली. आवाज असा की दवाखान्यात खोकले तरी बाजारातली कुत्री उठून बसत. त्यांचे एक मामा पाद्री होते, ते वारले, आणि त्यांच्या पेटीतून हे पुस्तक डॉक्टरांकडे आलं होतं. कातड्याची बांधणी, कडा वाळवीनं खाल्लेल्या, अक्षर सगळं लॅटिन. पण चित्रं! सूर्याला नाक-डोळे आणि भाकरीसारखे फुगलेले गाल. चंद्र गाडीत बसून फिरायला निघालेला. एक म्हातारा आकाशाकडे बोट दाखवतोय आणि आकाशातले विंचू-खेकडे त्याच्याकडे बघतायत. सगळं लाकडात कोरलेलं. मी तर बघूनच ओळखलं, ही कोरणी आपल्या जातभाईची. कुठली भाषा बोलत असेल देव जाणे, पण अंगठा माझ्यासारखाच दुखत असणार त्याचा.

एका पानावर एक नागडा माणूस उभा होता. डोक्यावर मेंढा, मानेवर बैल, खांद्यांवर जुळी मुलं, छातीवर खेकडा, असं करत करत पायाखाली दोन मासे. ते पान उघडलं आणि ओळकर खुर्चीतून उठलेच.

"अहो, हा तर आमचा कालपुरुष! मेष मस्तक, वृषभ मुख, मीन पाय. तुमच्या लोकांनी चोरला की हो, डॉक्टर!"

"माझ्या म्हणजे कुणाच्या, भटजी? मी म्हापशाचा."

"तेच ते. पलीकडचे."

"पलीकडे काय, बांदा ओलांडलं की आमचं घर. तुम्हाला हवाय का हा माणूस पंचांगावर?"

हवा कसा नसणार! ओळकरांच्या तोंडाला पाणीच सुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, घ्या, पण त्याच्या बदल्यात माझंही एक काम करा. त्यांनी दुसरं पान उघडलं.

बाई गं, काय सांगू तुला. माळरान आहे, मागे देऊळ की किरिस्तावांची इगर्जी काहीतरी आहे, झाडं आहेत, आणि पुढे एक गडी स्वतःच्या पोटाचं कातडं दोन्ही हातांनी उघडून उभा आहे. उकडतंय म्हणून सदऱ्याची बटणं सोडून हवा खात उभा असावा, तसा. आतलं सगळं दिसतंय. काळीज, यकृत, आतड्यांची वेटोळी. आणि तोंडावर कसलं दुःख नाही. उलट म्हणतोय, बघा बघा, लाजू नका.

"हा मला माझ्या दवाखान्यात हवा," डॉक्टर म्हणाले. "लोक येतात, म्हणतात पोटात दुखतं. पोटात कुठं विचारलं तर म्हणतात, पोटात! त्यांना दाखवू तरी द्या मला, आत काय काय असतं ते. खाली मराठीत नावं घाला. तीनशे प्रती काढा, गावागावांतल्या शाळांत लावतो."

काम माझ्याकडे आलं. आणि त्याच दिवसांत माझ्या घरात काय चाललं होतं ते सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही.

मंजुळेशी माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. त्यातले शेवटचे चार महिने तिचं पोट दुखत होतं. डाव्या बाजूला, खाली. दुखायला लागलं की ती पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची, अंगात ताप भरायचा, ओकाऱ्या व्हायच्या, मग चार दिवसांनी ओसरायचं. पुन्हा पंधरा दिवसांनी तेच. डॉक्टर म्हणाले, पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय, हिवतापानं होतं असं. त्यांनी क्विनीन सुरू केलं. क्विनीननं तिचे कान वाजायला लागले, पण दुखणं हललं नाही. नेसलेलं लुगडं कमरेवर ठरत नव्हतं. शेजारणी मला बघून आवाज खाली करायला लागल्या होत्या. त्याचा अर्थ मला कळत होता. बाई, मी जन्मभर लोकांना हसवलं, पण त्या चार महिन्यांत मला एकसुद्धा थाप सुचली नाही.

घरी तिच्याजवळ राहता यावं म्हणून तो ठसा मी छापखान्यात न कोरता इथंच, या पडवीत बसून कोरला. आता तुला माहीतच आहे ठसा कसा करतात. चित्रावर तेलकट कागद ठेवून रेघा उतरवून घ्यायच्या, मग तो कागद पालथा घालून लाकडावर घासायचा. पालथा! म्हणजे लाकडावर चित्र उलटं येतं आणि छापल्यावर सुलटं. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. अक्षरं असली तर कुणी चुकत नाही, पण माणूस काय, दोन्हीकडून सारखाच दिसतो. माझं लक्ष सारखं आत, तिच्या कण्हण्याकडे. कागद पालथा घालायचा राहिला. जसा होता तसाच ठेवला, घासला आणि कोरून मोकळा झालो.

ओळकरांनी खालची नावं शिशाच्या खिळ्यांत जुळवून घेतली, 'यकृत'मध्ये ऱ्हस्व-दीर्घ चुकायला जागाच नाही, तरी तेही तपासलं, आणि तीनशे प्रती निघाल्या.

चौथ्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला, सगुणला असेल तसा पाठवा. त्याआधी डॉक्टरांची तक्रार ऐकून ओळकर स्वतः घरी येऊन मला सांगून गेले होते, उद्यापासून छापखान्याची पायरी चढू नकोस. त्या दिवशी मंजुळेचं दुखणं पुन्हा उसळलं होतं, तिलाही दाखवायचंच होतं. शेजारच्या पांडबाच्या बैलगाडीत पेंढ्यावर तिला निजवली आणि नेली.

दवाखान्यात शिरलो तर समोरच्या भिंतीवर माझा गडी पोट उघडून उभा. त्याच्या बाजूला डॉक्टर, लालेलाल.

"काय रे हे, सगुण?"

"माणूस, डॉक्टर."

"माणूस? त्याचं काळीज कुठल्या बाजूला आहे, बघ!"

मी चित्रासमोर उभा राहिलो. मग चित्राला पाठ करून उभा राहिलो. मग दोन्ही हात हलवून बघितले. "त्याच्या उजव्या, डॉक्टर."

"आणि यकृत?"

"डाव्या."

"तीनशे माणसं उलटी करून ठेवलीस तू! उद्या शाळेतली पोरं हे पाठ करतील! त्या पुस्तकातल्या कारागिरानं चारशे वर्षांपूर्वी बरोबर काढलं, आणि तुला आज समोर धरून जमलं नाही?"

मी खाली मान घातली. मग म्हणालो, "पण डॉक्टर, काळीज डावीकडेच असतं हे नक्की ना?"

कंपाउंडरच्या हातातली बाटली थांबली.

"काय म्हणालास?"

"नाही, तुमचं शिक्षण मोठं. पण सगळ्यांचं बघितलंय का कुणी?"

डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढली, माझ्या कानांत खुपसली आणि दुसरं टोक माझ्याच छातीवर दाबलं. आत कुणीतरी उखळात पोहे कांडत होतं.

"ऐकलंस? कुठं आहे?"

"डावीकडे. पण मी पडलो पुरुष. बायकांचं कुठं असतं कोण जाणे."

"बायकांचंही तिथंच असतं, गाढवा!" डॉक्टर असे ओरडले की बाहेर पांडबाचे बैल बुजले. "मंजुळाबाई, माफ करा हं, ह्या गाढवाला एकदा दाखवतोच."

आता तुला सांगायला हवं, तोवर मंजुळेनं त्यांना छातीला नळी कधी लावू दिली नव्हती. त्या काळी बायका हात पुढे करत, जीभ दाखवत, फार तर पदरावरून पाठीला नळी लावून घेत. डॉक्टरही भिडस्त. पण त्या दिवशी तिच्यात 'नको' म्हणण्याचंही बळ नव्हतं. ती बाकावर डोळे मिटून पडली होती.

डॉक्टरांनी नळी डावीकडे ठेवली. ऐकलं. कपाळाला आठी पडली. नळीवर नखानं टिचकी मारून बघितली, फुंकर घातली, पुन्हा ठेवली. मग, "अरे सायबा," असं अगदी हळू म्हणाले. एवढ्या हळू बोलता येतं त्यांना, हे मला ठाऊकच नव्हतं. नळी सरकवत सरकवत उजवीकडे आणली आणि तिथं त्यांचा हात थांबला.



मग ते उठले आणि भिंतीपाशी गेले. माझ्या गड्याच्या पोटावर बोट ठेवून, वाट चुकलेला माणूस नकाशा वाचतो तसं वाचायला लागले. "काळीज इथं. म्हणजे यकृत इथं. पाणथरी तिकडे, पलीकडे. मग डावीकडे दुखतंय ते पाणथरीचं नाहीच. मग खाली, इथं..." बोट डाव्या बाजूनं खाली उतरलं आणि आतड्याच्या टोकाशी येऊन टेकलं. "अपेंडिक्स. चार महिने. चार महिने मी हिला क्विनीन पाजतोय."

त्यांनी तिच्या पोटावर त्या जागी बोटं टेकवली मात्र, मंजुळेनं अशी किंकाळी फोडली की मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"गाडी काढ," ते कंपाउंडरला म्हणाले. आणि भिंतीवरचं चित्र टराटर उपटून त्यांनी गुंडाळी करून काखेत मारलं.

डॉक्टरांची जुनी ऑस्टिन गाडी, चालवायला कंपाउंडर. मागे मंजुळेचं डोकं माझ्या मांडीवर. आंबोलीचा घाट अर्धा चढलो आणि गाडी तापून उभी राहिली. आता? जंगलातून एक गवा आला. हा एवढा! त्यानं मागून डोकं लावलं आणि गाडी माथ्यापर्यंत...

"आजोबा!" मृण्मयीनं पेन्सिल खाली ठेवली.

"बरं, गवा नव्हता."

"मग?"

"मी ढकलली. आणि डॉक्टरांनी. कोट काढून, टोपी काढून. साठीला आलेला माणूस. दर दहा पावलांवर थांबून आत डोकावून विचारायचे, मंजुळाबाई, आहात ना? आणि ही आतून म्हणायची, आहे. ते 'आहे' ऐकलं की आम्ही पुन्हा ढकलायचो."

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनांना आधी पटेना. डावीकडे अपेंडिक्स कसं असेल? डॉक्टर मिनेझिसांनी वाद घातला नाही. गुंडाळी उलगडली, खिडकीच्या काचेवर धरली आणि म्हणाले, "हा ह्या बाईचा नकाशा. आधी नळी लावून काळीज शोधा, मग बोला." सर्जनांनी शोधलं. मग ते चित्र घेऊनच आत गेले. माझा नागडा गडी ऑपरेशनच्या खोलीत गेला आणि मी, नवरा, बाहेर बाकावर.

दोन तासांनी सर्जन हात पुसत बाहेर आले. म्हणाले, "पिकून फुटायला आलं होतं. उजवीकडे चिरलं असतं तर काहीच सापडलं नसतं. आणि उद्या आणली असतीत, तर मी हात लावला नसता."

मी डॉक्टर मिनेझिसांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस तोंड लपवेल. चार महिने चुकीचं औषध दिलं होतं त्यानं. पण त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "देव बरें करूं, सगुण. तुझ्या चुकीनं माझी चूक पकडली." आणि बरं का, वाडीला परत आल्यावर त्यांनी ही गोष्ट लपवली नाही. येईल त्या पेशंटला सांगायचे, मी चार महिने आंधळा होतो, एका ठसेवाल्यानं माझे डोळे उघडले. लोक म्हणायचे, डॉक्टरांनाही सगुणची हवा लागली. एवढं शिकलेला माणूस, आणि स्वतःची चूक असा चौकात मांडतो! तेव्हापासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाचं काळीज ते दोन्हीकडे शोधायचे. मरेपर्यंत.

ओळकरांचंही ऋण आहे माझ्यावर. मला काढून टाकलेला तो माणूस, पण आम्ही परतल्यावर स्वतः घरी आला, मंजुळेसाठी पेज घेऊन. आणि त्या तीनशे प्रती? रद्दीत घातल्या असतील म्हणतेस? नाही. त्यांनी त्या पुन्हा मशीनवर चढवल्या आणि खाली एक ओळ जास्तीची छापली: 'क्वचित मनुष्य असाही असतो.' ऱ्हस्व-दीर्घ अगदी शुद्ध. बरोबर चित्राचा ठसा मी नंतर नवा कोरून दिला, दोन्ही शेजारी शेजारी लागले शाळांमधून.

दरवर्षी दसऱ्याला मी हत्यारांची पूजा करतो ना, तेव्हा या पोटउघड्याच्या ठशालाही फूल वाहतो. आणि मनातल्या मनात त्या दुसऱ्या कारागिरालाही हात जोडतो. तो कुठला, कोण, नाव काय, त्याची बायको कशी होती, काही ठाऊक नाही. चारशे वर्षांमागे कुठल्याशा थंड गावात खिडकीपाशी बसून त्यानं लाकडात एक पोट उघडलं, आणि त्यातून माझी मंजुळा परत आली. असलं देणं कुणी कधी फेडलंय? मी आपला नमस्कार करतो आणि नारळ फोडतो. खोबरं मीच खातो, त्याला कुठं पाठवू?

मृण्मयी हसली, डोळे पुसले आणि वहीत काहीतरी लिहायला लागली.

"आजोबा, प्रदर्शनात हा मधोमध ठेवणार मी. खाली पाटी लावते. 'कारागिराच्या चुकीमुळे उलटा उतरलेला ठसा, सावंतवाडी, १९५८.' चालेल?"

"चालेल की. माझी चूक आणि देवाची दया, दोन्ही लिही."

मंजुळा चहाच्या पेल्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ही गोष्ट तिनं साठ वर्षं ऐकलेली, बाजारात, लग्नमांडवात, बसस्टँडवर, आणि एकदाही मध्ये तोंड घातलं नव्हतं. तिनं ताट खाली ठेवलं.

"खोड ते," ती मृण्मयीला म्हणाली.

"काय, आजी?"

"चूक हा शब्द खोड. खोटं आहे ते."

"अगो, चहा निवतोय," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा हो. गावात सांगत होतात तोवर मी ऐकून घेतलं. गाव आज ऐकतं, उद्या विसरतं. पाटीवर लिहिलेलं राहतं." ती मृण्मयीच्या समोर बसली. "ठसे दोन होते, बाय. पहिला ह्यांनी अगदी बरोबर कोरला होता. माझं काळीज कुठं धडधडतं ते ह्यांना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. कोरताना चित्र बघून ह्यांच्या डोक्यात उजेड पडला, आणि दोनदा डॉक्टरांकडे जाऊन पाया पडून सांगितलं ह्यांनी. पण ह्यांचा शब्द! डॉक्टर म्हणाले, सगुण, आज नवीन काय आणलंस? आणि हसून घालवून दिलं. एवढा मोठा तो माणूस, पण थापाड्याचं खरं त्यालाही ऐकू आलं नाही. मग हे पडवीत बसले आणि दुसरा कोरला, मुद्दाम उलटा, डॉक्टर चिडून तरी नळी लावतील म्हणून. पहिला समोर ठेवून. दोघं गडी एकमेकांकडे तोंड करून उभे, मी आतून निजल्या निजल्या बघत होते. दुसरा झाला तसा पहिला ह्यांनी स्वतःच्या हातानं उचलला आणि बंबात घातला. मी विचारलं, तर म्हणाले, लाकूड किडकं निघालं."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"किडकं! त्या दिवशी मी त्याच ठशावर तापलेल्या पाण्यानं न्हाले."